पोटखराबा : सुपे ते नान्नज, तीन दिवस

मामाच्या सातबाऱ्यावर एक ओळ आहे : 'पोटखराब क्षेत्र (लागवडीस अयोग्य)'. त्याच्या कर्जाची कागदपत्रं मीच बघते, त्यामुळे ती ओळ कितीदा तरी डोळ्यांखालून गेलेली. दिवाळीत नवा उतारा काढला तेव्हा त्या ओळीतला आकडा निम्म्याहून कमी झाला होता. माझ्या लहानपणचा माळ त्या आकड्यात होता. बोरीची झुडपं, एक वाकडा हिवर, टिटवीची अंडी आणि दुपारच्या शेळ्या. कागदावर हे सगळं खराबा.

म्हणून या जानेवारीत संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारला एक रजा जोडली आणि मी, नवरा आणि आठवीतली लेक असे तिघं माळ बघायला निघालो. सुपे, कडबनवाडी, भिगवण, मग माढा तालुक्यात मामाकडे मुक्काम आणि शेवटी नान्नज. सोसायटीत कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?"

दिवस पहिला : सुपे आणि कडबनवाडी

सहाला दिवे घाट चढलो. सासवडला अंजीर घेतले. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच पुरंदरातल्या सात गावांच्या जमिनीवर विमानतळ होऊ घातलाय. अंजीरवाल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "झाड लावल्यापासून चार वर्षं थांबावं लागतं बघा. पैशे एका दिवसात येतेत आन् एका वर्षात जातेत." एवढं बोलून त्यांनी पाटीवर फडकं टाकलं. विषय संपला.

जेजुरी मागे टाकून मोरगावला पोहे खाल्ले आणि आठ वाजता सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात पोचलो. ५.१४ चौ. किमीचं, १९९७ साली जाहीर झालेलं इवलंसं अभयारण्य. चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. पंधरा मिनिटांतच पाच दिसले. आधी नुसतं गवत दिसत होतं, मग त्यातलं एक गवत कान हलवायला लागलं. चिंकारा पाण्यावाचून बरेच दिवस काढतो, पाला आणि फळांतलं पाणी त्याला पुरतं. म्हणजे दुष्काळी तालुक्यासाठी याहून शहाणं जनावर नाही. पण उसाच्या फडाचं त्याला काही करता येत नाही. त्याला लांबवर बघता यायला हवं आणि पळायला मोकळं रान हवं.

अभयारण्याच्या कुंपणाला लागून 'एनए प्लॉट'ची पाटी होती. त्यावर पोहण्याचा तलाव, हिरवळ आणि एक हरीण छापलेलं. हरीण आफ्रिकेतलं होतं.

(सरडे बघायचे असतील तर मात्र जानेवारीत येऊ नका. इथल्या माळांवरचे पंखगळ्याचे सरडे एप्रिल-मेमध्ये दगडावर बसून निळा-काळा-केशरी गळा फुलवतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांची वेगळी प्रजाती केली आणि तिचं नाव ठेवलं 'सरडा'. लॅटिन नावात आपला शब्द जसाच्या तसा! लेकीला ही एकच गोष्ट दिवसभर पुरली.)

दुपारी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला. इथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय. आगाऊ ऑनलाइन नोंदणी करून जायचं, गाइड गावातलाच मिळतो. आमचा गाइड पंचविशीचा. आधी कंपनीत कंत्राटी कामाला होता, आता सकाळ-संध्याकाळ सफारी आणि मधल्या वेळात डाळिंबाची बाग.

जानेवारीतला माळ सोनेरी म्हणतात, पण तो सोनेरी नसतो. तांबूस, राखाडी, मध्येच पिवळसर, आणि वारा आला की सगळा एका बाजूला फिकट होतो. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गाइडने नावं सांगितली. कुसळीची ओळख सांगावी लागली नाही, ती मोज्यांतून स्वतःच आत आली होती. पायात कापडी बूट आणि घोट्यापर्यंतचे मोजे घालायचा मूर्खपणा करू नका. जाड पँट आणि कातडी बूट. आणि लाल-पांढरे कपडे नकोत.

भोवत्या ससाणे गवतावरून खाली-वर तरंगत होते. मध्य आशियातून हिवाळ्यात येतात आणि आपल्या टोळांवर जगतात. धाविक पक्ष्यांची एक जोडी मातीच्या रंगाची, पळाली तेव्हाच कळली. खोकडाचं बीळ, बिळाबाहेर बोरांच्या बिया. लांडगा दिसला नाही. त्याची विष्ठा दिसली, केसांनी भरलेली, आणि मऊ मातीत ठसे. गाइड ठशांशी बराच वेळ बसला. "हा लांडगाच हाय असं मी आता खात्रीनं सांगत न्हाई," तो म्हणाला.

का, तर कोंबड्या. आजूबाजूला पोल्ट्रीच्या शेड झाल्या. मेलेल्या कोंबड्या माळाच्या कडेला टाकायच्या, हे सगळ्यांत स्वस्त. त्यावर भटकी कुत्री पोसली. कुत्र्यांचे रोग लांडग्यांत गेले. आणि लांडगे कमी, कुत्री जास्त झाली की दोघांची जोडीही जमते. पुणे जिल्ह्यात असा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. देशभरात भारतीय लांडगे २ ते ३ हजारांच्या आसपास असतील असा अंदाज सांगतात, म्हणजे वाघापेक्षाही कमीच. माळावर कुणी झाड तोडलं नाही, बंदूक चालवली नाही. शेजारी शेड उभी राहिली, एवढंच. शेडवाल्यालाही दोष द्यायला मन होईना. दीड एकरात दुसरं काय करणार तो?

परतताना वनखात्याच्याच एका तुकड्यावर ग्लिरिसिडियाच्या सरळ रांगा दिसल्या. खाली गवत नाही, वर पाखरू नाही. माळ उघडा दिसला की त्यावर झाडं लावायची, हा आपल्याकडचा जुना नाद. सरकारी नकाशात माळ 'पडीक' असतो, आणि पडीक म्हटलं की प्रत्येकाला तिथे काहीतरी करावंसं वाटतं. कुणाला उद्योग, कुणाला डम्पिंग, आणि आपल्यासारख्या शहरी मंडळींना वृक्षारोपण. कॉलेजात असताना मीही एका उघड्या टेकडीवर खड्डे खणून फोटो काढले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच असावं.

उतरत्या उन्हात एका बांधापाशी धनगराची मेंढरं बसलेली दिसली. गाइडच्या ओळखीचे आजोबा निघाले. दिवाळीनंतर त्यांचं सगळं बिऱ्हाड कोकणात उतरतं. घोड्यांवर संसार लादून घाट उतरायचे, शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात भात किंवा पैसे घ्यायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर माळावर परत यायचं. यंदा गुडघ्यांमुळे आजोबा आणि एक नातू मागे राहिलेले. त्यांनी आम्हाला बिनदुधाचा चहा दिला, कारण त्या दिवशीचं शेळीचं दूध नातवाने पिऊन टाकलं होतं.

मी लांडग्याचं विचारलं. "त्यो आमच्यासंगंच हाय आजा-पणज्यापासनं. एखादं न्हेतो. त्येचा वाटा त्यो." मग जरा थांबून, "बिबट्याचं तसं न्हाई ताई. त्यो ह्या उसानं आणला. वाड्यात शिरला तर एकाला खातो आन् चार उगंच पाडतो."

भरपाई मिळते का? पंचनाम्याला मेलेलं मेंढरू दाखवावं लागतं. लांडग्याने उचलून नेलेलं कुठून दाखवायचं, असं त्यांनीच मला उलट विचारलं. त्यांचं खरं दुःख मात्र जनावरांचं नव्हतंच. वाटा मोडल्या. जुन्या मुक्कामांच्या जागी द्राक्षांची तारकुंपणं, ऊस, प्लॉट. लोकरीला भाव नाही, उलट कातरणीलाच पैसे जातात. म्हणून काळ्या दख्खनी मेंढ्यांच्या जागी मटणासाठी उंच माडग्याळ मेंढ्या आल्या. त्या दिसतात देखण्या, पण लांब चालीला आणि पावसाला दख्खनीसारख्या टिकत नाहीत, असं आजोबांचं मत.

"तुमच्या नावावर जमीन किती?" नवऱ्याने विचारलं. आजोबा हसले. "आमचं नाव कुठल्या कागदावर असतंय? आमी चालतो."

दिवस दुसरा : भिगवण, आणि मामा

रात्री भिगवणजवळ कुंभारगावात एका घरगुती मुक्कामाला होतो. चिलापीचं कालवण आणि तळलेली चिलापी, बाजरीची भाकरी. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. उजनी धरणात ती इतकी माजलीय की इथले मूळचे मासे जाळ्यात कमी आणि आठवणींत जास्त आढळतात. चवीला उत्तम, हेही कबूल करायला हवं. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

पहाटे सहाला होडीत. थंडी हाडात शिरणारी, कानटोपी न्याच. लाइफ जॅकेट मागून घ्या, कुणी दिलं नाही तरी. आणि कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकू नका. फोटो छान येतात हे खरं, पण ते त्यांचं अन्न नाही.

रोहित (फ्लेमिंगो) बघायला आलो होतो. दिसले लांबवर तीस-पस्तीस, दुर्बिणीतून गुलाबी रेघेसारखे. लेक हिरमुसली. नावाडी दादा म्हणाले, "औंदा पाणी लै हाय. धरण भरलं की रोहित उशिरा येतंय." रोहिताला गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो, चिखल उघडा पडल्याशिवाय तो कशाला उतरेल? म्हणजे ज्या वर्षी शेतकरी खूश, त्या वर्षी पर्यटक नाखूश. दुष्काळात गुलाबी थवेच्या थवे, आणि पुढे पाणी आणखी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर वर येतं. पेपरात त्या मंदिराचे फोटो झळकले की समजायचं, सोलापूर जिल्ह्याचं काही खरं नाही. उजनीची साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांतून खाली सोडता न येणारं पाणी. त्यामुळे इथली माणसं उन्हाळ्यात सहज 'धरण मायनसमध्ये गेलं' असं बोलतात, बँकेच्या खात्याबद्दल बोलावं तसं.

बाकी पक्षी मात्र भरभरून. पट्टकादंबांचा थवा डोक्यावरून गेला, हिमालय ओलांडून आलेला. पाणी चाळत फिरणारे थापटे. एक मोरघार मासा पायांत धरून खांबावर बसली होती, मासा अजून वळवळत होता.

दादांचं वय पन्नाशीचं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं तेव्हा ते लहान होते. "हितं खाली आमची मळई व्हती," त्यांनी वल्ह्याने पाणी दाखवलं. नदीकाठची काळी जमीन गेली, मोबदल्याची जमीन लांब आणि मुरमाड मिळाली. त्यांचे वडील शेतकऱ्याचे मासेमार झाले. ते स्वतः मासेमारी करता करता पक्षी ओळखायला शिकले. आता दोन महिने पर्यटक, बाकी मासे, आणि पाणी उतरलं की गाळपेर. गाळपेर म्हणजे धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर घ्यायचं पीक. विस्थापितांना त्यात प्राधान्य असतं, पण तिथेही दांडग्यांचीच मोटर आधी सुरू होते, असं दादांचं म्हणणं. शिवाय त्याच ओल्या गाळावर रोहितांचं आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचं पोट.

म्हणजे एकाच तुकड्यावर शेतकरी, मासेमार, परदेशी पक्षी आणि कारखान्याचा ऊस असे चौघं हक्क सांगणारे. त्यातला सातबारा एकाचाच असतो.

धरणाने पाणी दिलं तसं अंतरही दिलं. पलीकडची करमाळ्याची गावं डोळ्यांना दिसतात, पण रस्त्याने मोठा वळसा. लोक होडीनेच ये-जा करत आले. २०२४च्या मे महिन्यात कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. हे सांगताना दादांनी इंजिन बंद केलं होतं.

परतीला पाण्यावर हिरवट साय दिसली. उन्हाळ्यात वासही येतो म्हणे. मी नाक मुरडलं असणार, कारण दादा एकदम म्हणाले, "तुमच्या पुण्याचंच पाणी हाय हे, ताई." मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून इथे. त्यावर मी काय बोलणार? नवरा होडीच्या टोकाकडे बघत राहिला.

दुपारी टेंभुर्णी मागे टाकून मामाकडे. मामी दारातच उभी. तीळगूळ, मग लगेच शेताकडे, कारण शेजारच्या रानात हुरडा भाजायचा होता. डिसेंबर-जानेवारीत या बाजूला आलात तर हुरडा चुकवू नका, पण बोर्ड लावलेल्या पार्टीपेक्षा कुणाच्या ओळखीने शेतात जा. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, गरम कणसं हातावर चोळायची, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दही. लेक पहिल्यांदा तोंड वाकडं करून बसली आणि शेवटी सगळ्यांत उशिरा उठली.

ज्वारीचं ते रान आता चारी बाजूंनी उसात अडकलंय. मामाचाही ऊसच. कालव्याचं पाणी आलं, मग बोअर, मग वीस वर्षांपूर्वी ऊस. सहा वर्षांपूर्वी जेसीबी लावून त्याने माळाचे पाच एकर सपाट केले, तळ्यातला गाळ आणून पसरला. मी तेव्हा फोनवर रडले होते. तो म्हणाला होता, "तू पुण्यात बसून रड. हितं पोराची फी भरायचीय." पोरगा इंजिनिअर झाला. पोरगी नर्स आहे, पंढरपूरला. घराला स्लॅब पडला. मामीचा गुडघा मोठ्या दवाखान्यात बदलून झाला. हे सगळं त्या पाच एकरांतनं आलं असं नाही, पण त्यांच्याशिवायही झालं नसतं. हे मला माहीत आहे, म्हणून त्या माळाबद्दल मी मामासमोर बोलत नाही.

बोलली ती मामीच. "पाणी जास्त झालं की खालचं वावर पांढरं पडाय लागलंय. खारवलंय ते." आणि मग, "पूर्वी माळावरनं सरपण यायचं, तरवडाची फुलं यायची, बोरं यायची. बोरं विकून शेजारची म्हातारी मिठा-मिरचीचं भागवायची." त्या म्हाताऱ्या मावशी अजून आहेत. मी त्यांना भेटायला गेले. भूमिहीन, दहा-बारा शेळ्या गावच्या गायरानावर चारायच्या. गायरानाला यंदा तारेचं कुंपण पडलंय, आत सौर पॅनेल. शेळ्या आता दोनच. त्यांनाही चारा विकत, नाहीतर कुणाच्या बांधावरनं बोलणी खाऊन. मावशी परत खुरपणीला जायला लागल्यात, सत्तरीत.

संध्याकाळी मामाला त्या पॅनेलांबद्दल विचारलं तर त्याचा चेहरा उजळला. "दिवसा लाइट मिळाया लागली!" इतकी वर्षं शेतीची लाइट रात्री. थंडीत एकदीडला उठून बॅटरी घेऊन उसात पाणी पाजायला जायचं, पायात साप, आणि अलीकडे बिबट्याची धास्ती. मामी जागीच असायची तो परत येईपर्यंत. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेने ते संपवलं. शिवाय पॅनेलांसाठी खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. मामाच्या उरलेल्या पोटखराब्यासाठीही एक जण विचारून गेलाय. हिवर अजून तिथेच आहे, वाकडाच. लेक त्यावर चढली. खाली टिटवी ओरडत होती, म्हणजे जवळपास काहीतरी जपत असणार.

मावशींना रात्रीच्या पाण्याची कधीच अडचण नव्हती, त्यांना रान नव्हतंच. मामाला गायरानाची गरज नव्हती, त्याच्याकडे शेळ्या नाहीत. ग्रामसभेत ठराव झाला तेव्हा मावशी होत्या का, असं मी विचारलं. मामा म्हणाला, "बायका कुठं येतेत सभेला." मामी आत भांडी जोरात आपटत होती.

दिवस तिसरा : नान्नज

पहाटे निघून मोहोळमार्गे नान्नज. सोलापूरपासून बार्शी रस्त्याने वीसएक किलोमीटर. इथला राजा माळढोक पक्षी. अभयारण्य १९७९ साली झालं आणि कागदावर त्याचा विस्तार होता ८,४९६ चौ. किमी, गोव्याच्या दुपटीहून मोठा. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठा आल्या. नोटीस नकाशावर काढली होती, जमिनीवर नव्हे. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली, आणि ज्या पक्ष्याला आजोबा-पणजोबांनी आपल्या ज्वारीत फिरू दिलं होतं त्याच्याबद्दल गावागावांत चीड साठली. पुढे हद्द कमी करत करत ती १,२०० चौ. किमीच्या आसपास आणली. तोवर बराच उशीर झाला होता. अवाढव्य अभयारण्य असूनही माळढोकाच्या वाट्याला प्रत्यक्षात आले ते राखलेल्या गवताचे सुटे सुटे तुकडे.

मनोऱ्यावर तीन तास बसलो. काळवीट भरपूर, एक नर दोन माद्यांभोवती मान ताठ करून फिरत होता. माळढोक नाही. वनरक्षकांनी आधीच सांगितलं होतं, "आशा ठेवू नका. आता एखादा दिसला तर दिसला." देशात सगळे मिळून दीडशेही उरलेले नाहीत, त्यातले बहुतेक राजस्थानात. तिथे जैसलमेरकडे केंद्रात कृत्रिमरीत्या अंडी उबवून पिल्लं वाढवतात. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढा जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, उडताना विजेच्या तारांवर आपटतो. मामाच्या शेतावरून गेलेल्या नव्या तारा माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

वनरक्षक या भागातलेच. त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही माहितीफलकावर दिसलं नव्हतं. माळढोक नुसत्या गवतावर जगत नाही. त्याला गवत हवं अंडी घालायला, आणि आसपास कोरडवाहू ज्वारी, हरभरा, भुईमूग हवा, कारण त्यातले टोळ, भुंगे, शेंगा तो खातो. गवत कुंपण घालून राखता येतं. कोरडवाहू शेती कोण राखणार? आजूबाजूला बोअर झाले, द्राक्षं आली, ऊस आला, औषधफवारणी आली. "आमी गवत राखलं ताई. ज्वारी राखायचं आमच्या हातात न्हवतं."

लेकीने विचारलं, मग ज्वारी लावणाऱ्याला पैसे का देत नाहीत? वनरक्षक तिच्याकडे बघून म्हणाले, "तू मोठी हो आन् तिकडं मंत्रालयात जाऊन विचार." चिडून नाही, अगदी गंभीरपणे.

व्यावहारिक : नान्नजला सकाळी सातच्या आत पोचा, नऊनंतर उन्हाची झळ पाण्यासारखी हलते आणि दुर्बीण निकामी होते. पाणी, खाऊ बरोबर घ्या, आत काही मिळत नाही. रस्ता सोडून गवतात पाय टाकू नका. माळढोकासाठीच येणार असाल तर खरंच येऊ नका, लांडगा, काळवीट आणि शांततेसाठी या.

परत निघताना रस्त्यालगत एका वस्तीवर ज्वारी वाळत घातलेली दिसली. टपोरे, मोत्यासारखे दाणे. मालदांडी, मोहोळच्या केंद्रात जुन्या काळी निवडलेलं वाण, पाऊस नसला तरी थंडीच्या दवावर आणि काळ्या मातीतल्या ओलीवर पोसणारं. ही ज्वारी मागच्या साली साठवलेली होती, पोत्यात. मालकीणबाईंनी भाकरी खायला बसवलंच. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. त्यांचे तीन एकर, त्यातला एक दोन वर्षांपूर्वी द्राक्षाला. "ह्या दोन एकरांत पूर्वी ढोक यायचा," त्या म्हणाल्या, "आमचं सासरं म्हनायचं, तेला हुसकू नका, किडं खातोय." दोन एकर ठेवलेत कशाला? गुरांना कडबा लागतो, आणि सासूबाईंना भाताने पोट भरल्यासारखं वाटत नाही. माळढोकाचं शेवटचं ताट अशा कारणांवर टिकून आहे.

दहा किलो ज्वारी घेतली. नवऱ्याने सवयीने भाव पाडायला तोंड उघडलं आणि लेकीने त्याच्या पायावर पाय दिला.

पुण्यात पोचायला रात्रीचे दहा वाजले. इंदापूरच्या पुढे ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांमागे तासभर अडकलो, एवढं सोडता प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्वारी घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाले काका मूळचे बार्शीचे. त्यांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि विचारलं, "मालदांडी? कुठनं आणली?" मी नान्नज म्हटलं. त्यांनी गव्हाचं चालू दळण थांबवलं, जातं झाडून घेतलं आणि म्हणाले, "ही आधी दळतो. गव्हात मिसळायला नको."